दगड गोळा करणाऱ्यांचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागताना बजावले होते, "शाळेच्या आठवणी पोतंभर आल्या आहेत. तू तुमच्या दगडांवर लिही." म्हणून हा लेख. आपल्या बॅचमधून बारावीनंतर बरेच जण मेडिकल, इंजिनिअरिंगला गेले, काही कॉमर्सला. आम्ही तिघे, दोन मुलगे आणि एक मुलगी, १९८० साली बी.एस्सी.ला भूशास्त्र घेऊन बसलो. तीन वर्षे आम्ही नुसते डोंगर हिंडलो असा समज आपल्या ग्रुपवर आजही आहे. समज बरोबर आहे. फक्त या हिंडण्याला पुण्यात जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. तो लिहून ठेवावा असे वाटण्याचे दुसरेही एक कारण आहे. ज्या जागांवर हा इतिहास घडला त्या जागा भराभर बुजवल्या, फोडल्या किंवा बांधल्या जात आहेत.

सुरुवात एका फौजी माणसापासून करावी लागते. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सैन्यातला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दख्खनची मोजदाद करायचे काम १८२४ मध्ये त्याच्यावर सोपवले. पिके, वजनमापे, लोकसंख्या, पक्षी, मासे, सगळे तो टिपत गेला. त्याच ओघात त्याने इथल्या खडकांवर निबंध लिहिला आणि १८३०च्या दशकात तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे आला. डोंगरांची उंची मोजायला तो पाणी उकळायचा! सुमारे तीनशे मीटर वर चढले की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने खाली येतो, एवढ्या भांडवलावर. आपल्या शास्त्राच्या बाईंनी हा प्रयोग फळ्यावर शिकवला होता. साइक्सने तो घाटमाथ्यावर केला.

त्याच सुमारास, १८३१ मध्ये, ब्रुक नावाच्या इंग्रज खनिजतज्ज्ञाने पुण्याहून आलेल्या पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांना 'पूनालाइट' असे नाव दिले. म्हणजे आपल्या गावाच्या नावाचे खनिज! पुढे तपासणीत ते वेगळे खनिज नसून मेसोलाइट या झिओलाइटचाच प्रकार आहे असे ठरले आणि नाव बाद झाले. पुणेकरांनी त्याबद्दल अजून कोणाला पत्र लिहिलेले नाही, याचे मला नवल वाटते.

नंतर रेल्वे आली. बोरघाट फोडून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले. हजारो मजूर राबले, पटकीने पुष्कळ मेले. त्या बोगद्यांच्या पोटातून स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या निघाल्या आणि त्यांतले उत्तम नमुने विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. नमुन्याखालच्या चिठ्ठीवर देणाऱ्या साहेबाचे नाव असे, सुरुंग लावणाऱ्याचे नसे. त्याच दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्डने दख्खनच्या काळ्या खडकावर सविस्तर लिहिले. 'ट्रॅप' हा शब्द मूळचा स्वीडिश, अर्थ पायरी. सिंहगडाकडे खडकवासल्याच्या बाजूने बघा, पायऱ्या दिसतात. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर.

इथपर्यंत सगळा साहेबांचा कारभार. विद्यार्थी चित्रात येतात ते कॉलेजांमुळे. फर्ग्युसन १८८५चे, नौरोसजी वाडिया कॉलेज १९३२चे, पुणे विद्यापीठ १९४९चे. या दोन्ही कॉलेजांत भूशास्त्राचे विभाग उभे राहिले. फर्ग्युसनच्या विभागाशी प्रा. के. व्ही. केळकरांचे नाव जोडलेले आहे. पदवीच्या मुलांना खडक डोंगरावरच दाखवायचा, ही पुण्याची पद्धत अशाच शिक्षकांनी पाडली. फर्ग्युसनला तर हनुमान टेकडी पाठीशीच आहे. दुपारचे प्रॅक्टिकल म्हणून निघायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत परत यायचे.

इथे थोडे विषयांतर. 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' हे १९१९ साली निघालेले डी. एन. वाडियांचे पुस्तक आमच्या पिढीपर्यंत सगळ्यांनी वाचले. आमच्यातल्या एकाची तर पहिले वर्षभर समजूत होती की वाडिया कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे. कॉलेजचे वाडिया वेगळे. हे भूशास्त्रज्ञ वाडिया १९०७ पासून जम्मूच्या कॉलेजात शिकवत होते आणि सुट्टी लागली की हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या पालथ्या घालायचे. सर्वेक्षण खात्यात ते गेले १९२१ मध्ये, तोवर कॉलेजातला मास्तरच. देशातल्या भूशास्त्राचा मोठा भाग अशा मास्तरांच्या सुट्ट्यांमध्ये झाला आहे.

पुण्याच्या विद्यार्थ्याची एक खास अडचण असते. इथला भूशास्त्रीय नकाशा रंगवायला एकच रंगीत पेन्सिल पुरते. चहूकडे बेसाल्ट. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, सह्याद्रीत दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचा. जीवाश्म बघायचे तर कच्छला जा, जांभा बघायचा तर कोकणात उतरा, जुने रूपांतरित खडक हवेत तर मालवण-वेंगुर्ल्याकडे. म्हणून वर्षातून एक मोठी सहल ठरलेलीच. सेकंड क्लासच्या डब्यात हातोडे, कापडी पिशव्या आणि घरून दिलेले लाडू. कच्छमध्ये वाळूत पडलेला अ‍ॅमोनाइट पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तो बैलाच्या शिंगाचा तुकडाच वाटला.

मुलींना अशा सहलीला पाठवायचे की नाही, यावर तेव्हा घराघरांत परिषदा भरायच्या. आपल्या वर्गातल्या तिच्या आजीने शेवटी कौल दिला, "पंढरीच्या वारीत बायका महिनाभर चालतात, ही आठ दिवस चालेल." विषय संपला.

रोजचे काम मात्र घराजवळच असे. पुणे शहर आमच्यासाठी ४७ एफ/१४ होते आणि सिंहगड ४७ एफ/१५. हे भारतीय सर्वेक्षणाच्या नकाशांचे क्रमांक. दिवेघाट, कात्रजचा घाट, सिंहगड ही आमची वर्गखोली. पायथ्यापासून चढायचे, प्रत्येक थर ओळखायचा, उंची अ‍ॅनेरॉइडवर बघायची, वहीत आकृती काढायची, नमुना फोडून पिशवीत टाकायचा आणि पिशवीवर नंबर लिहायचा. नंबर नसलेला दगड म्हणजे रस्त्यावरचा दगड, असे आमचे सर म्हणत. एका थराचा माथा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा तळ कुठे सुरू होतो हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. माथ्याला वायूचे बुडबुडे अडकून झालेली भोके असतात, मधला भाग घट्ट असतो. दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा मऊ पट्टा येतो. त्याला इंग्रजीत रेड बोल म्हणतात. दिवेघाटाच्या रस्त्यावरून जाताना तो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे, फक्त नाव माहीत नसेल.

गंमत अशी की, विहीर खणणाऱ्यांकडे या सगळ्यांना आधीपासून नावे होती. वरचा मुरूम. भोके बुजलेला, ठिसूळ, गुलाबी-करडा तो मांजऱ्या. त्याखाली काळा पाषाण. तांबड्या थराला गेरू. आम्ही शंभर मार्कांच्या पेपरात जे इंग्रजीत लिहीत होतो ते सासवडच्या बाजूचा कोणताही विहीरवाला सुरुंगाचे भोक पाडताना आवाजावरून सांगायचा.

तिसऱ्या वर्षाचा आमचा प्रकल्प याच विहिरींचा होता. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. राज्य सरकारने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नुकतीच, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी, उभी केली होती आणि 'पाणी' हा विषय भूशास्त्राच्या मुलांना नोकरीच्या दृष्टीनेही दिसू लागला होता. पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात, चाळीसेक विहिरी आमच्या वाट्याला आल्या. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा पाण्याची पातळी मोजायची. टेप सोडायची, ओला झालेला भाग बघायचा, आकडा लिहायचा. शिवाय काठावरून दिसणारे खडकाचे थर उतरवून घ्यायचे. गावात शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला असे, "पाणी दाखवायला आलात का?" त्यांना पाणाड्या माहीत होता, तळहातावर नारळ घेऊन चालणारा. आमच्या हातात नारळ नाही म्हटल्यावर निम्मे लोक निघून जात.

एक शेतकरी मात्र गेला नाही. त्याने चाळीस फूट विहीर खणली होती, कर्ज काढून. तळाला काळा पाषाण लागला होता आणि पाण्याचा थेंब नव्हता. तो आम्हा विशीतल्या पोरांना विचारत होता, आणखी सुरुंग लावू की इथेच थांबू? खाली बसून, हात जोडून नव्हे, अगदी हिशेबी आवाजात. एका सुरुंगाचा खर्च किती आणि घरात शिल्लक किती, हे त्याने आधी सांगितले. वहीतल्या आकड्यांचे कोणाला काही करायचे असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आम्ही दोघे मुलगे गप्प होतो. तिने वही उघडली. आजूबाजूच्या पाच विहिरींच्या काठांची उंची आणि थरांची खोली आमच्याकडे होती. ग्राफपेपरवर तिने त्या ओळीने मांडल्या. चार विहिरींत गेरूच्या पट्ट्याखालच्या मांजऱ्या थरातून पाणी झिरपत होते आणि तो थर जवळपास एकाच पातळीत होता. त्या पातळीने या विहिरीत तो आणखी बारा-पंधरा फुटांवर लागायला हवा होता. तिने तो कागद सरांना दाखवला. सरांनी 'अजून दोन विहिरी बघा' म्हणून आम्हाला उन्हात पिटाळले, संध्याकाळी पुन्हा आकडे तपासले, आणि मगच शेतकऱ्याला सांगितले. थर बहुधा लागेल. थर लागला म्हणजे पाणी लागेलच, असे नाही. पाचव्या विहिरीत थर आहे आणि पाणी नाही, तीही तुम्ही बघून या. तो खरोखरच जाऊन बघून आला. मग त्याने खणले. पाणी लागले ते घरच्यापुरते, बैलजोडीपुरते आणि थोड्या ज्वारीपुरते. फेब्रुवारीत पुन्हा तळ दिसू लागला. पण तो तळ कोरडा नव्हता.

तिने पुढे भूजलाच्याच खात्यात नोकरी केली. आपल्यापैकी सरकारी नोकरीत सर्वांत जास्त पायी चाललेली व्यक्ती तीच असावी. आज पुण्यात अ‍ॅक्वाडॅमसारख्या संस्था शहराखालच्या जलधरांचा अभ्यास करतात, बावधनचा झरा वाचवायला नागरिक पुढे येतात. त्यांची हत्यारे सुधारली आहेत. पण सुरुवात अजूनही टेप विहिरीत सोडण्यापासूनच होते.

दगडांचा दुसरा मोठा अध्याय खाणींचा. पुणे जसे वाढले तशी खडी लागली, आणि खडीसाठी पाषाण, वाघोली, मोशी असे चहूबाजूंनी डोंगर फुटले. पाषाणच्या खाणींत हिरव्या अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक निघत. आम्ही रविवारी सायकलवरून जायचो. झिओलाइट या शब्दाचा ग्रीक अर्थ 'उकळणारा दगड', कारण फुंकनळीच्या ज्योतीत धरला की त्यातले पाणी निघून तो फसफसतो. प्रयोगशाळेत हे करताना होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. खाणीतल्या मजुरांना आमच्यापेक्षा चांगली नजर होती. कोणत्या पोकळीत 'खडे' असतील हे ते बाहेरून ओळखत आणि हळूहळू त्यांना भावही कळू लागला. त्यात गैर काही नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणीत गडद निळ्या रंगाचे स्फटिक निघाले, मोरपिसातल्या निळ्यासारखे. ते कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका यांच्या आद्याक्षरांवरून पडलेले नाव. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये हे खनिज आधी सापडले होते आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन छापून आले होते, पण जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच मानले जातात. विद्यापीठाच्या प्रा. के. बी. पोवार यांनी त्यावर संशोधन केले. जगभरच्या संग्रहालयांत आज वाघोलीचे नाव लिहिलेले आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण वाघोलीला ओळखतात ते नगर रोडच्या ट्रॅफिकमुळे.

आता थोडे मोठ्या जगाविषयी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. तेव्हा आपण बालवर्गाच्या वयाचे होतो, तरी काहींना भांडी पडल्याचे आठवत असेल. दख्खनचे पठार म्हणजे हलणार नाही असा पाया, ही समजूत त्या पहाटे गेली. १९८०च्या दशकात परदेशी विद्यापीठांतले आणि मुंबई आयआयटीतले संशोधक सह्याद्रीच्या थरांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांची क्रमवारी लावू लागले. त्यांनी नावे दिली ती इथल्या गावांची. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाटीवरची ही गावे आज जगातल्या कोणत्याही ज्वालामुखीतज्ज्ञाला तोंडपाठ आहेत. आपल्या सर्वेक्षण खात्याच्या स्वतंत्र क्रमवारीत तर दिवेघाट आणि पुरंदरगड ही नावेसुद्धा आहेत. जिथे आम्ही डबे खाल्ले त्या जागा!

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेले ते उल्कापाताने की आपल्या लाव्हाने, हा वाद तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सह्याद्रीच्या थरांचे काळ ठरवणारे दोन निबंध एकदमच आले. एका गटाच्या मते लाव्हाचा एक मोठा लोंढा उल्कापाताच्या थोडे आधी आला. दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा नंतरचा. पहिल्या गटाने काळ मोजला तो झिरकॉनच्या सूक्ष्म कणांवरून, आणि हे कण त्यांना बहुतांशी त्या विटकरी पट्ट्यांमध्ये मिळाले. दूरवर उडालेल्या राखेतून ते तिथे पडून राहिले होते. पुण्यातल्या पदवीच्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्यांत 'तांबडा थर, जाडी इतकी' अशी ओळ आहे. ती ओळ कोणत्या उंचीवर आहे, याला आता मोल आले आहे.

राखेवरून आठवले. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी गावात नदीच्या गाळात पांढरट ज्वालामुखी राखेचा थर १९८०च्या दशकात पुण्याच्याच संशोधकांनी नोंदवला. त्यांत डेक्कन कॉलेजचे डॉ. शरद राजगुरू होते. मुळा-मुठेच्या गाळावरच त्यांनी डॉक्टरेट केली होती, म्हणजे ज्या नदीकाठी आपण गणपती विसर्जन करतो तिच्यावर. बोरीला राखेबरोबर आदिमानवाची दगडी हत्यारेही आहेत, म्हणून राखेचे वय महत्त्वाचे. एका मोजणीत ते चौदा लाख वर्षे आले, दुसऱ्या मोजणीत सुमारे पावणेसात लाख, आणि काहींच्या मते ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची राख आहे. वाद मिटलेला नाही. तसाच थर आमच्या कऱ्हेकाठी, मोरगावलाही आहे.

आता जागांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. पाषाणच्या ज्या खाणीत आम्ही अपोफिलाइट शोधला तिथे आता सोसायटी आहे. वाघोलीच्या जुन्या खाणींपैकी काही पाण्याने भरल्या, काही राडारोड्याने. घाट रुंद होतात तेव्हा काही वर्षे ताजा खडक उघडा पडतो. तेवढ्यात पाहून घ्यायचे, कारण मग दरड पडू नये म्हणून त्यावर जाळी आणि सिमेंट चढते. माळीणनंतर, म्हणजे ३० जुलै २०१४नंतर, त्या जाळीला नावे ठेवायची माझी हिंमत नाही. दीडशेवर माणसे गेली. आमच्या यादीतल्या चाळीसेक विहिरींपैकी काही मी मध्यंतरी पाहून आलो. काही बुजवल्या आहेत, काहींच्या शेजारी बोअर घेतल्याने त्या कोरड्या आहेत, एकीवर लग्नाच्या कार्यालयाचे पार्किंग आहे. त्या शेतकऱ्याची विहीर आहे. नातू वापरतो.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट अभ्यासक्रमातच आले आहे. चौथ्या वर्षी संशोधनही करता येते. आमच्या वेळी हे सगळे सरांच्या हौसेवर आणि आमच्या पायांवर चालायचे. आताच्या मुलांकडे फोनमध्ये जीपीएस आहे, उपग्रहाची चित्रे आहेत. त्यांना नसते ती एकच गोष्ट, १९८२च्या मे महिन्यात त्या विहिरीत पाणी किती फुटांवर होते, हा आकडा. तो फक्त आमच्या वह्यांत आहे.

आम्हा तिघांच्या वह्या आम्ही एकत्र केल्या आहेत. आपल्या बॅचच्या इतरांकडेही जुने काही असणार. पर्वतीवरून, वेताळ टेकडीवरून, सिंहगडावरून काढलेले फोटो, मागे तारीख टाकलेले. भूगोलाच्या बाईंनी टेकडीवर नेले होते तेव्हा खिशात घालून आणलेला एखादा खडा. गावाकडच्या विहिरीचा खर्च लिहिलेली वडिलांची डायरी, त्यात किती फुटांवर काय लागले हे बहुधा असतेच. स्नेहमेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल ठेवणार आहोत. फोटो तिथेच स्कॅन करून लगेच परत मिळतील. डायरीची पाने उतरवून घेऊ. दगड आणलात तर तो कुठून आणला ते चिठ्ठीवर लिहून आणा. नंबर आम्ही घालू.